उसन्या नावांचा प्राणी : तानुकी आणि त्याच्या वर्गीकरणाचा इतिहास

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना तानुकी हा प्राणी बहुधा ठाऊक असतो. १९८८ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळात मारिओ ज्या पोशाखात दगडी पुतळा होऊन बसतो, तो तानुकीचा पोशाख. १९९४ साली इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘पॉम पोको’ या चित्रपटात टोकियोजवळच्या तामा टेकड्यांवर नवे शहर उभे राहू लागते आणि तेथील तानुकी रूपे पालटून आपल्या रानासाठी झुंजतात. मात्र या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीत तानुकी ‘रॅकून’ झाले आहेत. मोठ्या माणसांच्या कानांवर या प्राण्याचे इंग्रजी नाव पडले ते बहुधा २०२३ साली. वुहानच्या बाजारातून घेतलेल्या नमुन्यांत ‘रॅकून डॉग’ या प्राण्याचा जनुकीय अंश सापडल्याच्या बातम्या तेव्हा जगभर झळकल्या होत्या.

तानुकी हा रॅकून नव्हे. रॅकून अमेरिका खंडातला. त्याचे कुळच निराळे. तानुकी श्वानकुळातला, म्हणजे कुत्रा, लांडगा, कोल्हा आणि खोकड यांच्या घरातला. त्यातही जनुकांच्या पुराव्यावरून त्याचे जवळचे नाते खोकडांशी आहे. डोळ्यांभोवतीचे काळे पट्टे, आखूड पाय, गुबगुबीत अंग आणि दाट केस यांमुळे तो दुरून रॅकूनसारखा भासतो खरा. जवळून पाहिले की फरक कळतो. रॅकूनच्या शेपटीवर स्पष्ट कडी असतात, तानुकीच्या नसतात. रॅकूनच्या पंजाचा ठसा पाच लांब बोटांचा, जणू लहान मुलाच्या हाताचा. तानुकीचा ठसा चार बोटांचा, कुत्र्याच्या पावलासारखा. रॅकूनला ४० दात, तर तानुकीला श्वानकुळाच्या रीतीप्रमाणे साधारणतः ४२.

मग त्याच्या नावात हा रॅकून शिरला कसा? आणि शिरला तर बिघडले काय? या दोन प्रश्नांचा मागोवा घेताना आम्हाला एका प्राण्याच्या नावांचा जो इतिहास सापडला, तो येथे मांडत आहोत. त्यात एक खटला आहे, एक बेट आहे, एक नामशेष झालेले पाणमांजर आहे आणि थोडे गणितही आहे.

साम्यावरून नाव ठेवण्याची खोड सर्व भाषांना आहे. आपली मराठीही तिला अपवाद नाही. खवले मांजर हे मांजर नाही, पाणमांजरही मांजर नाही, नीलगाय ही गाय नाही आणि देवमासा हा मासा नाही. अनोळखी प्राणी दिसला की माणूस आपल्या ओळखीच्या प्राण्यांकडे वळून पाहतो आणि त्यांच्यातलेच एखादे नाव नव्याला चिकटवतो. असे नाव त्या प्राण्याविषयी थोडे सांगते. नाव ठेवणाऱ्याने आधी काय पाहिले होते, याविषयी अधिक सांगते.

आमचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावलींचा आहे. तेथे नोंदींच्या दोन चुका नेहमी भेटतात. पहिली, एकाच वस्तूची दोन नावांनी दोनदा नोंद होणे. दुसरी, दोन निराळ्या वस्तू एकाच नावाखाली एकच म्हणून नोंदल्या जाणे. पहिली चूक लवकर उघडकीस येते, कारण कोणीतरी तक्रार करतो. दुसरी वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण जी वस्तू नोंदीतच नाही तिच्या वतीने तक्रार करायला कोणी नसतो. तानुकीच्या वाट्याला या दोन्ही चुका आल्या. पहिलीचा भुर्दंड एका शिकाऱ्याच्या माथी बसणार होता. दुसरीचा भुर्दंड प्राण्यालाच बसण्याचा धोका आहे.

तानुकी, मुजिना आणि एक लिपी

जपानमध्ये हा प्राणी लिखित इतिहासाच्या आरंभापासून आहे. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात ६२७ सालची एक नोंद आहे : उत्तरेकडील मुत्सु प्रांतात एका मुजिनाने मनुष्यरूप घेऊन गाणे म्हटले. मुजिना म्हणजे कोणता प्राणी, हा प्रश्न तेव्हापासूनचा. जपानच्या काही भागांत मुजिना म्हणजे बॅजरसारखा बिळे खणणारा प्राणी, ज्याला आज तेथे अनागुमा म्हणतात. काही भागांत मुजिना म्हणजे तानुकीच. काही ठिकाणी दोघांनाही एकच नाव, तर काही ठिकाणी ‘मामी’ असे तिसरेच. १७१२ साली तेराजिमा र्योआन यांनी रचलेल्या ‘वाकान सान्साई झुए’ या सचित्र कोशात ही नावे स्वतंत्र प्राण्यांची म्हणून आली आहेत.

गोंधळात भर घातली ती चीनमधून आलेल्या लिपीने. जपानी लोक तानुकी लिहिण्यासाठी जे चिनी अक्षर वापरतात, त्याचा चीनमधला मूळ अर्थ रानमांजरासारखा प्राणी असा आहे. उलट चीनमध्ये या प्राण्यासाठी जे अक्षर आहे, ते जपानी लोक मुजिना असे वाचतात. म्हणजे अक्षर समुद्र ओलांडून आले तेव्हा त्याच्यामागचा प्राणी पलीकडच्या किनाऱ्यावरच राहिला आणि इकडे आल्यावर अक्षराला दुसराच प्राणी भेटला. एकोणिसाव्या शतकात जपानी लोककथांची इंग्रजी भाषांतरे झाली तेव्हा भाषांतरकारांनी तानुकीला अनेकदा ‘बॅजर’ केले. अशा रीतीने रानमांजर, बॅजर आणि रॅकून हे तिन्ही पोशाख या एकाच प्राण्याने वेळोवेळी चढवले. रूपे पालटण्याची त्याची कीर्ती लोककथांनी पसरवली खरी. प्रत्यक्षात त्याची रूपे पालटली ती नाव देणाऱ्यांनी.

लोककथांत तानुकीचा वावर बौद्ध विहारांच्या आसपास फार आहे. चिबा प्रांतातील किसाराझू गावच्या शोजोजी विहारात रात्री तानुकी पोटावर ताल धरून नाचत, अशी कथा आहे. गुन्मा प्रांतातील तातेबायाशी येथील मोरिनजी विहाराची कथा आपल्या वाचकांना विशेष रुचेल. तेथे शुकाकू नावाचा एक भिक्खू होता. त्याच्या चहाच्या किटलीतले पाणी कितीही ओतले तरी संपत नसे. एके दिवशी तो झोपला असता त्याची शेपटी दिसली आणि भेद उघडा पडला. शुकाकू हा हजारो वर्षे जगलेला प्राणी होता. त्याने भारतात प्रत्यक्ष बुद्धांचे प्रवचन ऐकले होते आणि चीनमार्गे तो जपानला आला होता, असे ही आख्यायिका सांगते. भारतात हा प्राणी कधीच नव्हता. तरी कथाकाराने त्याला धम्मश्रवणाच्या सभेत जागा दिली. आणि या कथेतही तो कधी तानुकी असतो, कधी मुजिना.

कँटन, लायडेन आणि अग्रक्रमाचा नियम

युरोपीय विज्ञानात या प्राण्याचा प्रवेश दोन दारांनी झाला. पहिले दार चीनच्या कँटन बंदराचे. ब्रिटिश संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३४ साली त्याला ‘कॅनिस प्रोसायनॉइडीस’ असे नाव दिले. हे नाव ज्या ग्रंथात आले त्याचे शीर्षक होते ‘इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन झूलॉजी’. भारतात सेवा केलेल्या मेजर जनरल थॉमस हार्डविक यांच्या चित्रसंग्रहावर मुख्यतः तो ग्रंथ उभा होता आणि त्या संग्रहातील कित्येक चित्रे भारतीय चित्रकारांनी काढलेली होती. ग्रंथावर हार्डविक आणि ग्रे यांची नावे आहेत. चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. चीनचा प्राणी ‘भारतीय’ प्राण्यांच्या पुस्तकात नोंदला गेला, ही त्याच्या उसन्या ओळखींतली आणखी एक.

ग्रे यांनी दिलेल्या नावाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. ‘कॅनिस’ म्हणजे श्वान. ‘प्रोसायनॉइडीस’ म्हणजे प्रोसायनसारखा, अर्थात रॅकूनसारखा. रॅकूनची स्वतःची कथाही सरळ नाही. १७५८ साली लिनिअस यांनी त्याला अस्वलांत घातले होते. १७८० साली श्टोर यांनी त्याला अस्वलांतून काढून ‘प्रोसायन’ हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘श्वानाच्या आधीचा’. म्हणजे जो श्वान नाही त्याला ‘श्वानाच्या आधीचा’ म्हटले गेले आणि जो खरोखर श्वानकुळातला आहे त्याचे नाव ‘श्वानाच्या आधीच्यासारखा’ असे ठरले!

दुसरे दार जपानचे. त्या काळी जपानचे दरवाजे युरोपला बंद होते. अपवाद फक्त नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावरील डच वखारीचा. त्या वखारीत १८२३ ते १८२९ या काळात फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड हे वैद्य होते. जपानी विद्यार्थी आणि मदतनीस यांच्या साहाय्याने त्यांनी वनस्पती व प्राण्यांचे प्रचंड संग्रह जमवले. जपानचे नकाशे जवळ बाळगल्यावरून १८२९ साली त्यांची हकालपट्टी झाली, पण संग्रह नेदरलँड्समधील लायडेनच्या संग्रहालयात पोहोचले. त्या संग्रहालयाचे पहिले संचालक कोएनराड टेमिंक यांनी जपानी तानुकीचे परीक्षण केले आणि १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याला ‘निक्टेरियूटीस व्हिवेरिनस’ असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्री धुंडत फिरणारा. दुसऱ्याचा अर्थ व्हिवेरासारखा, म्हणजे आपल्याकडच्या कस्तुरी मांजरासारखा. पहिला शब्द मात्र साम्याचा आधार न घेता प्राण्याचे वागणे सांगतो. आमच्या मते या साऱ्या नामावलीत एवढाच एक शब्द प्राण्याकडे पाहून ठेवलेला आहे.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द वंशाचा, आडनावासारखा. दुसरा त्या प्रजातीचा. येथे एका शब्दाविषयी खुलासा करणे इष्ट. मराठीतील जुन्या शास्त्रीय ग्रंथांत प्रजातीलाच ‘जाती’ म्हटलेले आढळते. आम्ही जाणूनबुजून ‘प्रजाती’ हा आज रूढ असलेला शब्द वापरत आहोत. जीवशास्त्रातील हा गट सामान्यतः प्रजननाच्या नैसर्गिक सीमेवर बेतलेला असतो. माणसामाणसांत अशी एकही सीमा नाही. पृथ्वीवरची सर्व माणसे एकाच प्रजातीची आहेत. ‘जाती’ या शब्दाला आपल्या समाजात जो अर्थ चिकटला आहे, त्याला या शास्त्राचा तिळमात्र आधार नाही.

आता पुढची पायरी. टेमिंक यांच्या दृष्टीने जपानी तानुकी ही स्वतंत्र प्रजाती होती. पुढील शास्त्रज्ञांनी चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग आणि जपान येथील नमुने शेजारी ठेवून पाहिले. त्यांना हे सारे एकाच प्रजातीचे स्थानिक प्रकार वाटले. दोन नावे एकाच प्रजातीची ठरली की जे नाव आधी छापले गेले ते टिकते, असा प्राणिशास्त्राचा अग्रक्रमाचा नियम आहे. ग्रे यांचे नाव १८३४चे, ते आधीचे. वंशाचे नाव टेमिंक यांचे घेतले गेले आणि प्रजातीचे ग्रे यांचे. अशा रीतीने ‘निक्टेरियूटीस प्रोसायनॉइडीस’ हे जोडनाव तयार झाले. जपानी तानुकी त्या प्रजातीची एक उपप्रजाती ठरला आणि ‘व्हिवेरिनस’ हे त्याचे नाव तिसऱ्या क्रमांकाला, शेपटासारखे उरले. नियमात खोट नव्हती. मात्र तो नियम छपाईची तारीख पाहतो. दोन प्राणी खरोखर एक आहेत की नाहीत, हे त्याच्याआधी कोणीतरी ठरवलेले असावे लागते. ते ठरले होते कातडी, कवट्या आणि बाह्य साम्य यांवरून.

तोचिगीचा खटला

आता पहिल्या चुकीची, म्हणजे एका प्राण्याच्या दोन नावांची गोष्ट. १९२४ साली जपानमध्ये तानुकीच्या शिकारीची मुदत फेब्रुवारीअखेर संपत असे. १ मार्चपासून बंदी. तोचिगी प्रांतातील एका शिकाऱ्याने २९ फेब्रुवारीला दोन प्राणी खडकातील कपारीत कोंडले आणि तोंडाशी दगड रचून तो निघून गेला. ३ मार्चला परत येऊन त्याने दगड काढले आणि कुत्र्याकरवी ते प्राणी मारले. पोलिसांनी बंदीच्या काळात तानुकी मारल्याचा आरोप ठेवला. शिकाऱ्याचे म्हणणे असे की, आपण तानुकी मारलेलाच नाही. आपण मारला तो मुजिना. त्याच्या गावात खांद्यावर फुलीसारखी खूण असलेल्या या प्राण्याला ‘जूमोंजी मुजिना’ म्हणत आणि तानुकी हा त्याहून वेगळा प्राणी, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

खटला तत्कालीन सर्वोच्च न्यायालयापर्यंत, म्हणजे दाइशिनइनपर्यंत गेला. ९ जून १९२५ रोजी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निकालाचे दोन आधार होते. पहिला, कपार बंद झाली त्याच क्षणी प्राणी पकडला गेला आणि तो दिवस मुदतीतला होता. दुसरा आधार अधिक मोलाचा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तानुकी आणि मुजिना एकच आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. पण ही दोन नावे देशात प्राचीन काळापासून वेगवेगळी चालत आली आहेत. अशा वेळी तानुकी या शब्दात मुजिनाही येतो, हे कायद्यातच स्पष्ट लिहायला हवे होते. ते न करता परंपरागत समजुतीने वागणाऱ्या माणसाला शिक्षा करणे योग्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल जपानच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो, आणि त्याच्या जोडीला आणखी एक शिकवला जातो. २५ एप्रिल १९२४ रोजी याच न्यायालयाने मुसासाबी नावाच्या उडत्या खारीच्या शिकारीचा खटला निकाली काढला होता. तेथील आरोपी त्या प्राण्याला ‘मोमा’ या स्थानिक नावाने ओळखत होता आणि मुसासाबी म्हणजे मोमाच, हे त्याला माहीत नव्हते. त्याला मात्र शिक्षा झाली. कारण त्याने प्राणी नीट ओळखला होता. कायद्यातले नाव तेवढे त्याला ठाऊक नव्हते. तोचिगीच्या शिकाऱ्याच्या मनात मात्र दोन वेगळे प्राणी होते. हा भेद सूक्ष्म आहे आणि कायदेपंडित त्यावर अजूनही वाद घालतात. आम्हाला त्यातून एवढे दिसते की, वर्गीकरण ग्रंथालयातून निघून कायद्यात शिरले की ते ज्यांनी कधी वाचले नाही अशा माणसांच्या दारी पोहोचते. राजधानीत ठरलेले नाव डोंगरातल्या माणसाला कोणी सांगितले होते का, हा प्रश्न त्या न्यायाधीशांनी विचारला.

चोपन्न आणि अडतीस

दुसरी चूक उघडकीस यायला सूक्ष्मदर्शक लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी या प्राण्यांची गुणसूत्रे मोजली. माणसाला ४६ गुणसूत्रे असतात, कुत्र्याला ७८. आशियाच्या मुख्य भूमीवरील रॅकून डॉगला ५४ निघाली. जपानी तानुकीला ३८. दोघांतही काही अतिरिक्त बारीक गुणसूत्रे असतात व त्यांची संख्या कमीजास्त होते. ती येथे धरलेली नाहीत. हिशेब सोपा आहे. दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली जाऊन त्यांचे एक झाले आणि हे आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही संचांत घडले, की एकूण संख्या दोनने घटते. ५४ आणि ३८ यांत फरक १६चा. म्हणजे अशा आठ जोडण्या. जनुकीय मजकूर बराचसा तोच, पण त्याची बांधणी निराळी. जणू एकच ग्रंथ कोणी अधिक खंडांत बांधला आणि कोणी कमी. असे फरक संकराच्या संततीच्या प्रजननात अडथळा आणू शकतात.

इतर पुरावेही त्याच दिशेने गेले. जपानी तानुकीची कवटी लहान, जबडा हलका आणि दात लहान आहेत. फिनलंडमध्ये राहणारे मुख्य भूमीचे रॅकून डॉग शरद ऋतूत भरपूर चरबी साठवतात आणि हिवाळाभर गुंगीत पडून राहतात. श्वानकुळात हिवाळी झोपेची ही सवय फक्त याच वंशाला आहे. जपानच्या उबदार भागांतील तानुकी मात्र हिवाळ्यातही हिंडत असतो. त्याची चरबी कमी आणि केसही तितके दाट नाहीत. मायटोकॉन्ड्रियातील डीएनएच्या तपासणीतही जपानी तानुकीची शाखा वेगळी दिसते. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असता प्राणी बेटांवर आले, पुढे पाणी चढले आणि ते तिकडचेच झाले. बेटांच्या इतिहासात हे वारंवार घडलेले आहे.

या पुराव्यांच्या आधारे आता अनेक संशोधक जपानी तानुकीला ‘निक्टेरियूटीस व्हिवेरिनस’ ही स्वतंत्र प्रजाती मानतात. अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्स या संस्थेच्या सस्तन प्राण्यांच्या सूचीतही तो स्वतंत्र आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीतील २०१६च्या मूल्यमापनात मात्र दोघांची नोंद एकत्रच आहे. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तरी टेमिंक यांनी सुचवलेले आणि शेपटाला गेलेले नाव सुमारे दीडशे वर्षांनी पुन्हा पुढे येत आहे.

नावाने काय बिघडते

कोणी म्हणेल, प्रजाती म्हणा की उपप्रजाती, प्राणी तोच राहतो. तसे नाही. एकत्र नोंदीत मुख्य भूमीच्या भावंडाचे प्रताप बेटावरच्या प्राण्याच्या खात्यात जमा होतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत सोव्हिएत संघाने फरच्या व्यापारासाठी आपल्या युरोपीय भागात ९ हजारांहून अधिक रॅकून डॉग सोडले. तेथून ते फिनलंड, पोलंड, जर्मनीपर्यंत पसरले. २०१७ साली युरोपीय संघाने ‘निक्टेरियूटीस प्रोसायनॉइडीस’ला उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत घातले आणि फेब्रुवारी २०१९ पासून तो निर्णय अमलात आला. युरोपात पसरलेला हा सारा गोतावळा मुख्य भूमीचा. उद्या जपानी तानुकी वेगळा मानला गेला, तर कायद्यातले ते नाव त्याला लागू होते की नाही? हा प्रश्न तोचिगीच्या खटल्यातल्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे.

फरच्या बाजारातही नावाने काम साधले जाते. चीनमध्ये आणि फिनलंडमध्ये हे प्राणी फरसाठी पिंजऱ्यांत वाढवले जातात. अमेरिकेच्या अधिकृत फर-नामसूचीत त्याचे नाव ‘एशियाटिक रॅकून’ आहे. फिनलंडच्या व्यापाऱ्यांचे नाव ‘फिनरॅकून’. दोन्ही नावांत श्वान शब्द नाही. कोटाच्या कॉलरला श्वानकुळातील प्राण्याची कातडी लागली आहे, हे पट्टी वाचणाऱ्याला त्यावरून कळत नाही.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट पाणमांजराची. जपानच्या नद्यांत पाणमांजरे होती. फरसाठी झालेली शिकार आणि नद्यांची दुर्दशा यांनी ती संपत गेली. त्यांचे शेवटचे खात्रीचे दर्शन १९७९ साली कोची प्रांतात झाले. ती युरेशियातील सामान्य पाणमांजराहून निराळी, स्वतंत्र प्रजाती आहेत असे सांगून इमाइझुमी आणि योशियुकी यांनी त्यांना ‘लुट्रा निप्पॉन’ हे नाव दिले ते १९८९ साली. २०१२ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यांना नामशेष घोषित केले. म्हणजे स्वतंत्र नाव मिळाले तेव्हा ते धारण करणारा प्राणी दहा वर्षांत कोणाला दिसलेला नव्हता. ते नाव शास्त्रीय दृष्ट्या टिकेल की नाही, यावर चर्चा होत राहील. ती चर्चा आता संग्रहालयातल्या हाडांवर करावी लागते.

तानुकीची स्थिती सुदैवाने अशी नाही. तो संख्येने पुष्कळ आहे, शहरांतही राहतो आणि जपानच्या कायद्याने शिकारीयोग्य प्राण्यांतच मोडतो. तरी दरवर्षी एक लाखाहून अधिक तानुकी रस्त्यांवर वाहनांखाली मरतात, असा अंदाज आहे. शिवाय ज्याचे नाव इंग्रजीत त्याला चिकटले, तो खरा रॅकूनच आता त्याच्या दारी आला आहे. १९७७ साली एका रॅकूनच्या पिल्लाची गोष्ट सांगणारी ‘अराइगुमा रास्कल’ ही जपानी चित्रमालिका लोकप्रिय झाली आणि घरोघरी रॅकून पाळण्याची टूम निघाली. मोठे झाल्यावर ते आवरेनात. कोणी सोडून दिले, कोणी निसटले. आज ते जपानच्या बहुतेक प्रांतांत पसरले आहेत आणि २००५ साली अमलात आलेल्या परकीय प्रजातींच्या कायद्याखाली त्यांना पकडले जाते. पिके खाणारा हा की तो, सापळ्यात अडकलेला हा की तो, हे ओळखता येणे आता जपानी शेतकऱ्याला रोजच्या कामाचे झाले आहे. चुकीच्या ओळखीची किंमत तानुकीच्या जिवाने मोजली जाऊ शकते.

ओळखायचे कसे, याचे एक उत्तर टोकियोच्या राजवाड्याच्या बागेत मिळाले. तानुकी ठरावीक जागीच विष्ठा करतात. तत्कालीन सम्राट अकिहितो पाच वर्षे, २००९ ते २०१३, दर रविवारी बागेतील अशा एका जागेवरून विष्ठेचे नमुने गोळा करत आणि त्यांतील बिया तपासत. सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा निबंध २०१६ साली जपानच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणत्या महिन्यात कोणती फळे खाल्ली जातात, वर्षानुवर्षे त्यांत काय टिकते आणि काय बदलते, याचा तो हिशेब आहे. तानुकी दिसतो कोणासारखा, याच्याशी त्या कामाला कर्तव्य नव्हते. तो जगतो कसा, हे समजून घ्यायला खाली वाकून बसावे लागले.

टेमिंक यांनी ठेवलेले ‘रात्री धुंडत फिरणारा’ हे नाव पाहून ठेवलेले आहे, असे आम्ही वर म्हटले. त्याहून जुने नाव मात्र बेटावरच्या लोकांनी केव्हाच दिलेले होते : तानुकी. मराठीत या प्राण्याला नाव नाही, कारण तो आपल्या भूमीत नाही. आणि नवे उसने नाव घडवण्याची गरजही नाही. आपल्या लेखनात आणि बोलण्यात आपण तेच जपानी नाव ठेवू या. हिवाळ्यात मुलांसाठी कोट घेताना कॉलरची पट्टी वाचावी. आणि घरी ‘पॉम पोको’ लावलात, तर जपानी आवाजांची आवृत्ती लावून खाली उपशीर्षके ठेवावीत. मुलांना त्या प्राण्याचे नाव त्याच्याच देशाच्या उच्चारात ऐकू येईल.